कांड्याची झडती

लिंबायतच्या निंबाला यंत्रमागाच्या कारखान्यात, तुटक्या धाग्यांच्या पोत्यात कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. सुताच्या कांडीसारखं बारकं, म्हणून नाव पडलं कांड्या.

त्याची एक खोड होती. पाळी संपवून निंबा घरी आला की कांड्या उंबऱ्यावर आडवा व्हायचा. पँटला चिकटलेला जांभळा धागा न् धागा दातांनी वेचायचा, आणि मगच बाजूला सरून त्याला आत सोडायचा.

"पोलीस बी अशी झडती नही लेतस!" निंबा हसायचा. धाग्यांचा ढीग झाडताना त्याची बायको पुष्पाबाई दोघांवरही खेकसायची.

त्र्याण्णव साली निंबा तापानं गेला.

तरी रोज संध्याकाळी कांड्या उंबऱ्यावर जायचा आणि रिकाम्या हवेतून काहीतरी हळूच वेचत राहायचा. पुष्पाबाई बघायची आणि चुलीकडे वळायची.

एकदा तिला राहवेना. "आते कोनी येवाव नही रे, कांड्या," म्हणत ती त्याच्या शेजारी बसली, आणि तिचा हात फरशीला लागला.

दुपारीच झाडलेल्या उंबऱ्यापाशी जांभळ्या धाग्यांचा ढीग होता, लाळेनं अजून ओला.

कांड्यानं त्यावर आणखी एक धागा ठेवला. शेपटी हलवली. आणि निंबा गेल्यापासून पहिल्यांदाच तो दारातून बाजूला सरला.