पहिली फेरी

सकाळी ती लेकीला शाळेत सोडायला निघाली आणि गाडी थेट फाटकाच्या खांबावर आदळली. लेकीचं कपाळ फुटलं. नवऱ्याने मात्र धावत येऊन आधी बंपर पाहिला.

"इतकी वर्षं गाडी चालवतेस, साधा ब्रेक दाबता येत नाही?"

"अरे, जीव खाऊन दाबला! लागलाच नाही."

"वेंधळेपणा आपला आणि खापर गाडीवर!"

ती दिवसभर धुमसत होती. संध्याकाळी लेकीची पट्टी बदलताना तिला गॅलरीतून त्याचा आवाज ऐकू आला. येत्या रविवारी रेस ट्रॅकवर हीच गाडी पळवून बघणाऱ्या मित्राला तो फोनवर काळजीने बजावत होता,



"ट्रॅकसाठी कालच वेगळे ब्रेक पॅड बसवलेत. पहिल्या फेरीत जपून रे बाबा, तापेपर्यंत ते धरतच नाहीत!"