डुकरांचा बंदोबस्त

टपाल खात्यातून निवृत्त झालेला डेल्बर्ट हिवाळ्यात बायकोला घेऊन मोटरहोमने, म्हणजे चाकांवरच्या घरानेच, दक्षिण टेक्सासात शिकारीला पोहोचला. शिकाऱ्यांना भाड्याने जागा देणारा रँचवाला क्लेटन स्वतः फाटकापाशी आला होता. भुईमुगाचं उकरलेलं शेत दाखवत तो म्हणाला, "रानडुकरांनी वाटोळं केलंय माझं. एक जरी कमी केलंत तरी उपकार होतील." डेल्बर्टने लगेच बंदूक बाहेर काढली. निवृत्त झाल्यापासून त्याची अशी गरज कुणाला पडलीच नव्हती.

तीन दिवस तो मचाणावर अवघडून बसला. डुकरं जरा जवळ येतायत असं वाटलं, की बायको वर्नेल गाडीच्या दारातून ओरडायची, "अहो शिकारी, जेवण गार होतंय!"

चौथ्या दिवशी पहाटे मात्र एक भलीमोठी डुकरीण समोर आली आणि त्याने ती एका गोळीत लोळवली. धावत जाऊन त्याने क्लेटनचं दार बडवलं. "मारली! तुमच्या शेताची वैरीण मारली!"

क्लेटन कॉफीचा मग हातात घेऊनच त्याच्या मागोमाग आला. डुकरिणीपाशी उकिडवा बसला आणि त्याने टोपी काढली. डेल्बर्ट छाती काढून आभारांची वाट बघत राहिला.



"अहो, मादी कशाला मारलीत?" क्लेटन कळवळून म्हणाला, "वर्षाला दोनदा विणारी होती हो ही! पुढच्या हिवाळ्यात तुम्ही लोक काय माझ्याकडे ससे मारायला येणार?"