तुटक रेषेतले आप्पा

वॉर्डातलं मशीन रोज सकाळी प्रत्येक पेशंटचं ड्रॉइंग छापून खाटेला लटकवायचं. माणूस पडलाय तिथं सलग रेषा, आणि तो अजून जिथवर हलू शकेल तिथं तुटक रेषा. सोमवारी तुटक रेषेतले आप्पा खिडकीशी उभे होते. बुधवारी नुसते बसले होते.

आज त्यांना जाग यायच्या आत उल्कानं, त्यांच्या लेकीनं, त्याच कागदावर पेन्सिलीनं आपले तुटक आप्पा काढले. चक्क स्कूटरवरून वॉर्डाबाहेर निघालेले.

आप्पांनी कारखान्यात चाळीस वर्षं ड्रॉइंगंच तपासली होती.

"हँडल दारात अडकेल की गं. आणि हेल्मेट?"

"राहिलं, आप्पा."

"नापास. खोड ते. मशीननं काय काढलंय ते बघू."

तिनं खोडलं. एकच तुटक रेषा उरली: उजवा हात, गादीपासून जेमतेम वीतभर वर.

"बरंय," आप्पा म्हणाले. "सुटसुटीत आहे."

उल्का जमिनीवर बसली आणि त्या हाताशेजारी गादीवर तिनं डोकं टेकवलं. हात वर येऊन तिच्या केसांवर पोचायला पाच मिनिटं लागली. ती हलली नाही.