कासाबाईचा फोटो

साइटवर कासाबाईच्या फोटोखाली ‘आजच खेळा, लखपती व्हा’ असं आलं होतं. फोटो तोच होता. डोक्यावर पदर, हातात लोकरीची टकळी, आणि सुनेनं दहादा सांगून आणलेलं हसू. त्या हसण्याखाली पत्त्यांचा डाव गरागरा फिरत होता.

जिंतूरच्या बसस्टँडमागं योगीराजचं कॉम्प्युटरचं दुकान. घोंगड्यांची ही साइट त्यानंच बनवून दिली होती. त्याच्यापुढं कासाबाई आणि तिची सून राजेश्री सकाळपासून बसून होत्या. कासाबाई आणि गल्लीतल्या बाया लोकर कातायच्या, विणकराकडून घोंगड्या विणून घ्यायच्या आणि राजेश्री त्या साइटवरून पुण्या-नाशिकला विकायची. आता घोंगड्या मागणारे फोन बंद झाले होते. ‘आजी, या वयात जुगाराचा अड्डा?’ असं विचारणारे येत होते. गावात तर शेजारच्या कमलबाईनं नळावर सगळ्यांदेखत विचारलं होतं, नव्या धंद्यात कमाई बरी हाय का म्हणून.

“जलमभर मेंढरं राखली,” कासाबाई म्हणाली. “कुणाच्या रानात एका मेंढराला तोंड घालू दिलं न्हाई. आन् हे मुडदे माझं तोंड दावून जुगार खेळवायलेत.”

“साइट हॅक झालीय, मावशी. दुसऱ्याच कुणी तरी ताबा घेतलाय.” योगीराज मान वर न करता बोलत होता. “तुमच्याकडूनच पासवर्ड फुटला असंल. खेड्यातल्या लोकायला त्याची किंमतच न्हाई.”

राजेश्रीनं मोबाइल काढला, त्यावर साइटच्या उद्घाटनाचा व्हिडिओ लावला आणि त्याच्यापुढं धरला.

आपल्याकडं मुतारी बांधली तरी ती कुणाच्या तरी शुभहस्ते उघडावी लागते. साइट कशी सुटणार? मारुतीच्या पारावर मांडव घातला होता. पुढारी सूर्यभानअण्णा आले होते. रिबीन कशाला बांधावी हे कळेना, म्हणून लॅपटॉपलाच बांधली होती. ती कापून झाल्यावर अण्णांनी पासवर्ड टाकून साइट उघडायची, असं ठरलं होतं. अण्णांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. मग माइकवरून एकेक अक्षर त्यांना ओरडून सांगण्यात आलं. अण्णांचं बोट पडलं की टाळ्या. पुढच्या अक्षराला पुन्हा टाळ्या. व्हिडिओत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

“माइकवर कोण हाय, भाऊ?” राजेश्रीनं विचारलं.

योगीराजनं व्हिडिओचा आवाज कमी केला.

“आन् हा व्हिडिओ तुमच्या दुकानाच्या पेजवर कुणी टाकला? आमचं नवीन काम म्हणून?”

“मी म्हणलो होतो वहिनी, नंतर पासवर्ड बदलून घ्या म्हणून.”

“न्हाई म्हणलात. लाउडस्पीकर लावून गावभर किल्ली वाटली तुमी, आन् खेड्यातले आमी.”

त्यानंतर योगीराजनं तोंड बंद करून काम केलं, ते बरं केलं. आत घुसलेल्यानं स्वतःच्या नावाचं खातं उघडून ठेवलं होतं, ते त्यानं पुसलं. जिच्या जागेवर साइट ठेवली होती त्या कंपनीकडं जुनी प्रत होती. ती मागवून पुन्हा चढवली. नको त्या फायली एकेक शोधून काढल्या. कासाबाई स्क्रीनकडं बघत होती, बिळातला साप बाहेर काढताना बघावं तशी.

“नवा पासवर्ड सांगा, टाकतो,” तो म्हणाला.

“उठा,” राजेश्री म्हणाली.

तो स्वतःच्या खुर्चीवरून उठला. तिनं लॅपटॉप भिंतीकडं वळवला आणि दोन बोटांनी सावकाश टाइप केलं.

“मला तरी सांगावा लागंल वहिनी. साइट मीच बघतो की.”

“बघा ना. उघडीच हाय साऱ्यायला.”

पान उघडलं. मेंढरं, काळ्या-पांढऱ्या घोंगड्या आणि टकळी धरून हसणारी कासाबाई. पत्ते नव्हते.

“गेले का मेले?”

“गेले, आत्याबाई.”

कासाबाईनं चहा सांगायला लावला. योगीराजलाही द्या म्हणाली. चहा यायच्या आत राजेश्रीचा फोन वाजला. साइटवर दिलेला नंबर तोच होता. गिऱ्हाईक असेल म्हणून राजेश्रीनं घाईनं स्पीकर लावला.

“म्हातारीचा फोटो हाय तेच का तुमी? मी गंगाखेडहून बोलायलोय. गेम का बंद केला?”

“तो गेम आमचा न्हाई, भाऊ. आमच्या साइटीत चोर घुसले होते. आमी घोंगड्या इकतो.”

“मला सांगू नका. म्हैस इकलेलं सारं त्यात गेलंय माझं. आज वसूल होणार होतं.” माणसाचा आवाज चिरकत होता. “बाकीचे गेम फसवे असतेत, मला ठावं हाय. मी कशावर बी पैसे लावत न्हाई. म्हातारीकडं बघून लावलो. आपल्यातली बाई हाय, बुडवायची न्हाई म्हणून.”

“कट करा, असे लय येतेत,” योगीराज हळूच म्हणाला.

कासाबाईनं सुनेच्या हातातून फोन घेतला. सकाळपासून तोंडाशी आलेल्या शिव्या आता कुणाला घालाव्यात, हेच तिला कळत नव्हतं.

“मीच ती म्हातारी,” ती म्हणाली. “बायको हाय का घरात?”

“हाय.”

“म्हशीच्या पैशाचं तिला ठावं हाय का?”

“वसूल झालं की सांगणार होतो.”

“दे तिला फोन.”

त्यानं फोन कट केला नाही. मागं कुणीतरी भाकरी थापत होतं.