चमचाभर विरजण

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतीस?" हौसाक्का हसल्या. तीन वर्षं अळ्यांच्या खताला नाक मुरडणाऱ्या शेवंताने पदराआडची वाटी मुकाट्याने पुढे केली. प्रयोगशाळेत तयार झालेल्या या अळ्या गाडीभर उसाच्या पाचटाचं तासाभरात काळंभोर खत करत. गावात त्या विरजणासारख्या घरोघर जात.

हौसाक्कांनी चमचाभर अळ्या घातल्या. "उद्यापर्यंत घमेलंभर होतील. उपाशी तेवढं ठेवू नको, खताच्या हौदाबाहेर पडतात."

"आणि पाचट संपलं तर?"

हौसाक्कांची नजर आपल्या गोठ्याकडे गेली. शेवंतानेही तिकडे पाहिलं. म्हशीचं दावं खुंट्यालाच होतं, गळ्याची गाठही सुटलेली नव्हती. म्हैस मात्र नव्हती.

तिने घाईघाईने वाटी परत पुढे केली.

"दिलेलं विरजण माघारी घेत नसतात गं," म्हणत हौसाक्कांनी तिच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली.