डाव्या हाताला

विश्वासरावांनी आजही अर्धंच ताट संपवलं. उजवीकडची भाजी चाटूनपुसून फस्त, डावीकडची लसणाची चटणी जशीच्या तशी. अर्धांगाच्या झटक्यानंतर घरी आल्यापासून हेच चाललेलं. आपल्या हातची चव गेली, हे शरयूबाईंनी मनाला लावून घेतलं.

“नजर चांगली आहे त्यांची,” डॉक्टर म्हणाले. “पण मेंदूला असा मार बसलाय, की डावी बाजू असते हेच तो विसरलाय.”

त्या दुपारी शरयूबाईंनी रीत मोडून चटणी उजवीकडे वाढली. विश्वासरावांनी ती बोटाने निपटून खाल्ली आणि उजवीकडून पोळी वाढणाऱ्या सुनेला विचारलं, “चटणी तुझ्या सासूच्याच हातची. मग ती कुठे गेली?”

शरयूबाई शेजारीच होत्या. संसारभराच्या सवयीने नवऱ्याच्या डाव्या हाताला. दवाखान्यातही त्या तिकडेच बसून राहिल्या होत्या.

आपलं ताट उचलून त्या उजवीकडे आल्या.

विश्वासरावांचे डोळे भरले. “इतके दिवस कुठे होतीस गं?”