कार्बोरेटरखालचं पॅकिंग

धूर उडू नये म्हणून दौलत मिस्त्रींनी पंख्याचा पट्टा काढला, इंजिन चालू केलं आणि मुलाच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली. घाटात ही जुनी मोटार बंद पडली, म्हणून मुलगा मदत मागायला रस्त्यावर उभा राहिला होता आणि ट्रकने त्याला उडवलं होतं.

फटीतून नको ती हवा ओढली की इंजिन बंद पडू शकतं; अशी फट असेल तिथे धूर आत शिरतो. कार्बोरेटरच्या बुडाशी धूर वाकला आणि आत शिरला.

तिथली फट बुजवणारं पॅकिंग अपघाताच्या आदल्याच दिवशी त्यांनी काढून पुन्हा बसवलं होतं.

"नवं टाकू या, बाबा," मुलगा म्हणाला होता.

"जुन्यावर अजून वर्ष निघेल रे."

"सापडलं का काही?" आता सुनेने दारातून विचारलं.

"गाडीत दोष नाही, पोरी."

"मग नशीबच आमचं."

"तूच लाव परत फोटोपुढे," म्हणत मिस्त्रींनी उदबत्ती तिच्या हातात दिली.